मूठभर दाण्यांचं पथ्य

“मॅडम, तुम्ही आबांची साखर उतरवताय की चढवताय?” रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवत डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले.

मी लोणावळ्याच्या एका हॉस्पिटलात डाएटिशियन आहे. आबा जवळच्या कार्ला गावचे. डोळ्यात मोतीबिंदू. साखर आटोक्यात आल्याशिवाय ऑपरेशन नाही, हा डॉक्टरांचा हुकूम. इकडे जत्रा तोंडावर आलेली. बैलगाडा शर्यतीत बैलांनी शेवटची रेघ ओलांडली की झेंडा टाकायचा, हा आबांचा मान; झेंडा पडला की घड्याळ थांबतं. पण गेल्या जत्रेत त्यांनी गाड्यापुढं पळणाऱ्या घोडीलाच बैल समजून झेंडा टाकला. गावानं बजावलं, यंदा नीट दिसलं नाही तर झेंडा दुसऱ्याकडं.

ऑपरेशनची बातमी फुटली आणि अख्खं मावळ आबांना भेटून गेलं. येणारा प्रत्येक जण ज्यूसचा खोका घेऊन. घरात इतका ज्यूस साठला की पवना धरणानं लाजावं.

पहिल्याच भेटीत मी तो बंद केला. आबा उखडले.

“फळाचाच रस हाय की, म्याडम!”

“आबा, चार संत्री एका बैठकीला खाल?”

“न्हाई ब्वा. जबडा दुखंल.”

“आणि चार संत्र्यांचा रस?”

“त्यो काय, गटकन जातो.”

“साखरही तशीच गटकन रक्तात जाते. चोथा, म्हणजे फायबर, तिला दारात अडवतो. रस काढताना तुम्ही वॉचमनलाच हाकलता.”

रसात व्हिटॅमिन सी असतं, हे मान्य. पण ते अख्ख्या संत्र्यातही असतंच. भुकेला मी शेंगदाणे सांगितले. त्यांत प्रोटीन, फायबर, चांगलं तेल. पचायला वेळ लागतो, साखर सावकाश चढते. मात्र त्या तेलामुळं कॅलरी ज्यूसपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून मूठभरच.

“आणि मूठ मावशींची, तुमची नाही,” शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोकडं बोट दाखवत मी बजावलं. आबांची मूठ म्हणजे अर्धी पायली.

एवढं करून साखर वर! मी दोघांना बोलावून घेतलं.

“ज्यूस?”

“थेंब न्हाई. इचारा हिला.”

“समदे खोके पाव्हण्यांनाच पाजले,” मावशी म्हणाल्या.

“दाणे?”

“सकाळ-संध्याकाळ. मूठ हिचीच!” असं म्हणत आबांनी अभिमानानं खिशातून पुडा काढला.

शेंगदाण्याची चिक्की. शुद्ध लोणावळा.

“आबा, ही चिक्की आहे!”

“मंग दाणेच हायेत की. आन् साखर न्हाई बरं का, समदा गूळ!”

“रक्ताला गूळ काय, साखर काय, दोन्ही सारखंच. मावशी, तुम्ही तरी बोलायचं!”

“बोलले की. तर म्हनले, तू लय शानी, म्याडमनीच सांगितलंय.”

चूक माझीच. या गावात नुसतं ‘दाणे’ म्हणणं हा निष्काळजीपणा होता. मग मी मावशींनाच सांगितलं, दाणे घरी भाजायचे, त्यात गूळ नाही, साखर नाही, आणि डबा आबांच्या हाती द्यायचा नाही. मावशींनी हे काम पोलिसी खाक्यानं केलं. साखर उतरली. ऑपरेशन झालं.

जत्रेत आबा डोळे वटारून रेघेवर उभे राहिले. पहिला झटका माझ्या सख्ख्या भावाच्या गाड्याला. बैलांचे खूर रेघेपार होईपर्यंत आबांनी झेंडा हलवला नाही. घड्याळात सेकंद वाढला आणि भाऊ फायनलमधून बाहेर.

“ताई,” तो म्हणाला, “त्या म्हाताऱ्याला जत्रेपर्यंत ज्यूस पिऊ दिला असतास तर तुझं काय जात होतं?”

शहाण्या आहारतज्ज्ञानं पथ्य देण्याआधी शर्यतीच्या घाटात कुणाकुणाचे बैल पळणार आहेत, एवढं विचारून घ्यावं.