गुंडूआण्णांची खिडकी

गुंडूआण्णा रक्ताची नळी हातात आली की लगेच कधी बघायचे नाहीत. ती खिडकीतल्या फळीवर उभी करायचे, धोतराच्या सोग्याला हात पुसायचे आणि जनावराच्या मालकाला विचारायचे, "खातंय काय?" उत्तर मिळेपर्यंत नळीकडे पाठ.

मी मुंबईहून पदवी घेऊन कोल्हापूरच्या गुरांच्या दवाखान्यात आलो, तेव्हा संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. पूर्वी संस्थानाच्या पागेत असलेले आण्णा आता इथे कंपाउंडर होते. हुद्द्यानं माझ्या हाताखालचे, वयानं वडिलांसारखे. मला 'सायेब' म्हणायचे, पण ते ऐकून मला मी फारच लहान असल्यासारखं वाटायचं.

रक्त गोठलं की वर निवळ पाणी जमतं, ते सीरम. काविळीत ते पिवळं होतं. तो पिवळेपणा ठरावीक नमुन्यांशी ताडायचा आणि यकृताचं काय चाललंय ते सांगायचं, ही माझी विद्या. आमच्याकडे यायच्या बहुतेक म्हशीच, आणि म्हशीचं सीरम पाण्यासारखं स्वच्छ. वर्षभरात माझी नजर त्यालाच बसली होती.

एक दिवस शंकर टांगेवाला आपला पाखऱ्या घेऊन आला. घोडा तीन दिवस गवताला तोंड लावत नव्हता, डोळे पिवळे. मी रक्त घेतलं. दुपारी पाहतो तर सीरम हळदीसारखं. मी शंकरला सांगून टाकलं, "यकृत गेलंय. त्याचे हाल नकोत. उद्या सकाळी इंजेक्शन देऊन मोकळं करू." शंकर घोड्याच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. त्याचं सगळं घर या एका घोड्यावर चालत होतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी तसा कागद लिहिला. त्या घाईची मला आजही लाज वाटते.

आण्णांनी कागद वाचला आणि मला आत बोलावलं.

"सायेब, हे का खाईना, ते बघितलंसा काय?"

"यकृतामुळे."

"घोडं उपाशी ऱ्हायलं की दोन दिसांत पिवळं पडतंय. लिवर चांगलं असलं तरी. पागंत लई बघितल्यात. म्हशीचं तसं न्हाई. तवा पिवळं झालं म्हणून खाईना, का खाईना म्हणून पिवळं झालं?"

आण्णा बाहेर गेले. पाखऱ्याची जीभ एका बाजूला ओढून धरली आणि दुसरा हात दाढांपर्यंत घातला. हात बाहेर आला तो सोलवटलेला. एका दाढेची कड सुरीसारखी वाढली होती, गाल आतून फाटला होता. कानशीनं त्यांनी ती घासून टाकली. दोन दिवसांत घोडा चंदी खाऊ लागला. आठवड्यानं मी पुन्हा रक्त घेतलं, तर पिवळेपणा निरोगी घोड्यात मुळातच असतो तितकाच उरला होता.

"सायबांनीच सांगितलं, दाढा बघा म्हणून," आण्णा शंकरला म्हणाले. मी गप्प बसलो. तेव्हापासून शंकर रस्त्यात टांगा थांबवून मला रामराम करायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पुढे काही वर्षांनी आण्णा निवृत्त होऊन जयसिंगपूरला लेकीकडे राहायला निघाले. स्टेशनवर सोडायला शंकरचाच टांगा, त्याला पाखऱ्याच जुंपलेला. वाटेत मला राहवेना. "शंकर, दाढांचं मी नव्हतं सांगितलं. मी तर घोडा मारायला निघालो होतो."

शंकरनं मागे वळूनही पाहिलं नाही. "ठावं हाय की. हात कुणाचा सोलला ते मी बघितलं न्हाई व्हय? पर आण्णा म्हणालं, पोरगं शिकंल, त्याला रामराम करत जा."

आण्णा रस्त्याकडे बघत होते, जणू ऐकलंच नाही.

फलाटावर मी त्यांचं सामान गाडीत चढवलं. गाडीत बसल्यावर आण्णांनी खिडकीतून माझं तोंड नीट निरखलं. "सायेब, सकाळपासनं काय खाल्लंसा?"

मी काहीच खाल्लं नव्हतं. त्यांनी वाटेसाठी बांधून घेतलेलं फडकं सोडलं, अर्धी भाकरी मोडली, वर झुणका घातला आणि खिडकीतून माझ्या हातावर ठेवली.

"आदी खावा. मग बघू काय हुतंय ते."

गाडी हलली. मी फलाटावर उभा राहून, रडत रडत, ती सगळी भाकरी खाल्ली.