रेवणसिद्ध डायवरचे दोन हात

उमरग्याहून सोलापूरला जाणाऱ्या सडकेवर देव किती, हे निजाम सरकारच्या कुठल्याच दप्तरात नव्हतं. रेवणसिद्ध डायवरला मात्र ते पाठ होतं. वेशीबाहेरचा मारुती, ओढ्याकाठची मरीआई, मग दर्ग्याचं हिरवं निशाण, मग म्हसोबा, मग कुणीतरी नुसताच शेंदूर फासून ठेवलेला एक दगड, ज्याचं नाव दगडालाही ठाऊक नसावं. रेवणसिद्ध पक्का लिंगायत. गळ्यात लिंग, घरात दुसऱ्या देवाला जागा नाही. पण सडकेवर त्यानं कधी कुणाला परकं मानलं नाही. "घरात आपला धर्म, सडकंवर समद्यांचा," असं तो म्हणायचा.

आणि त्याचा नमस्कार चोरटा नव्हता. दोन्ही हात चाकावरून उचलायचे, छातीपाशी नीट जोडायचे, कपाळाला लावायचे, मग सावकाश खाली आणायचे. तेवढा वेळ मोटार ज्याला नमस्कार केला त्याच्या ताब्यात.

लोकांना हे फार आवडायचं. शांतलिंग शेठच्या दोन मोटारी होत्या. दुसरीचा डायवर एका हातानं कपाळ खाजवल्यासारखं करून देव उरकायचा. त्याच्या मोटारीत लोक बसत ते रेवणसिद्धची भरली तरच. माकणीकडची हरणाबाई धनगरीण घोंगड्या विकायला सोलापूरला जायची. ती तर गठ्ठा घेऊन उन्हात थांबायची, पण दुसऱ्या मोटारीत पाय ठेवायची नाही. म्हणायची, "डायवरचं ध्यान देवाकडं असलं तर देवाचं ध्यान आपल्याकडं असतंय." यात चूक काय, ते वीस वर्षांत कुणाला दाखवता आलं नाही. शेवटी ते अणदूरनं दाखवलं.

नळदुर्गचा खंडोबा आणि अणदूरचा खंडोबा हे दोन देव नव्हेत. एकच देव काही महिने या गावी राहतो, उरलेले त्या गावी, आणि वाजतगाजत नेला-आणला जातो. भक्तमंडळी त्याचा हिशोब ठेवतात. रेवणसिद्धला तो कधी ठेवता आला नाही, म्हणून तो दोन्हीकडं हात जोडायचा. नमस्कार एकीकडं तरी पोचतोच की!

त्या दिवशी देव नळदुर्गात होता. रेवणसिद्धनं नळदुर्गात हात जोडले, ते पोचले असतील. पुढं अणदूरच्या वळणावर पुन्हा जोडले, तेव्हा देऊळ रिकामं होतं आणि सडक भरलेली. गोरोबा कुंभार माठांची बैलगाडी घेऊन बाजूच्या वाटेनं वर येत होता. मोटारीचं पुढचं चाक एका दगडावरून उडालं, हात कपाळावरून खाली यायच्या आत मोटार गाडीला भिडली. माठ गेले. बैल वाचले. गोरोबाचा उजवा हात मात्र कोपरात मोडला.

चौकशीला बसलेल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, पानाची पिंक टाकली आणि एकच सवाल केला.

"भगवान वहाँ थेच नहीं, तो सलाम किसको किया?"

लायसन सहा महिने मुअत्तल झालं. म्हणजे कागद कचेरीच्या कपाटात आणि माणूस घरी.

ते सहा महिने कसे गेले म्हणाल, तर गेले नाहीत. ओढून न्यावे लागले. शेठनं दया म्हणून आपल्या धान्याच्या अडतीत बसवलं. तिथं रेवणसिद्ध पोत्यांवर नजर ठेवायचा आणि पोती कुठं पळत नसल्यामुळं त्याला झोप लागायची. येणारा-जाणारा सल्ला द्यायचा. कुणी म्हणे ग्रहांची शांत करा, कुणी म्हणे हैदराबादला अर्जी द्या, कुणी म्हणे तुमच्यावर कुणीतरी केलंय. तो सगळ्यांना "व्हय व्हय" म्हणायचा. सुरुवातीला मनापासून म्हणायचा, नंतर नुसतंच.

अधूनमधून तो अणदूरला गोरोबाकडं जायचा. रिकाम्या हातानं जाणं बरं दिसत नाही म्हणून थोडा गूळ न्यायचा. गोरोबाचा हात बसला होता, पण वाकडा. चाक फिरवायला काठी धरली की कोपर अडायचं. आता त्याची बायको काठी फिरवायची आणि तो डाव्या हातानं मातीला आकार द्यायचा. माठ कलायचे. गोरोबा भांडखोर नव्हता. एकदाच म्हणाला, "देवाला हात जोडलास, आन् माझा मोडलास." म्हणाला आणि चहा ठेवायला सांगितलं.

लायसन परत मिळालं, तेव्हा त्याची बायको रुद्रम्मा हिनं कागद देवापुढं ठेवला आणि म्हणाली, "साकु झालं आता. उद्यापासून मोटार." साकु म्हणजे कानडीत पुरे. पण साकु व्हायचं होतं कुठं! सेहेचाळीस साल होतं आणि सोलापूरच्या इंग्रजी हद्दीत नवाच कायदा निघाला होता. विम्याच्या कागदाशिवाय मोटार आत घ्यायची नाही. मोटारीखाली परका माणूस सापडला तर त्याची भरपाई कंपनी देणार, आणि त्याचा कागद आधी दाखवायचा.

शांतलिंग शेठनं त्याला दुकानी बोलावून घेतलं.

"रेवणसिद्धा, दुसऱ्या मोटारीचा कागद झाला. तुझ्या मोटारीचा होईना. डायवरचं नाव विचारत्यात, लायसन कधी मुअत्तल झालं होतं का विचारत्यात. मी खोटं कशाला बोलू?"

"मग आता?"

"आता काय! तुझ्या नावावर कागद करणारा एखादा गाठ. न्हाय गावला तर महिनाअखेरीला गुलबर्ग्याचा एक पोरगा बघून ठेवलाय. तू अडतीत हाईसच की."

अडतीत मी हाईच, एवढंच रेवणसिद्धच्या डोक्यात घुमत राहिलं. पोत्यांची राखण करत मरायचं! वीस वर्षं ज्यानं लोकांना देवाच्या दारावरून नेलं त्यानं!

तो सोलापूरला गेला, दुसऱ्याच्या मोटारीत मागच्या बाकावर बसून. विम्याच्या एका ऑफिसात त्याला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं आणि जेवणाच्या सुट्टीत विसरले. दुसऱ्या ठिकाणी चष्मेवाल्यानं सगळी हकीकत ऐकली, फार हसला, शेजारच्याला बोलावून पुन्हा सांगायला लावली, आणि मग "जमणार नाही" म्हणाला. पायाला फोड आले. संध्याकाळी कुणीतरी बोल्लींचा पत्ता दिला.

बोल्ली हे साळी गल्लीतले तेलुगू गृहस्थ. खालच्या मजल्यावर भावाचे माग खटखटत, वरच्या खोलीत हे विम्याची एजंटकी करत. अंग बारीक, आवाज त्याहून बारीक. ते हसले नाहीत. त्यांनी हकीकत ऐकली आणि विचारलं,

"हात सुटतात, की तुम्ही सोडता?"

रेवणसिद्धनं बराच विचार केला. "साहेब, पहिली दोन-चार वर्षं मी सोडत हुतो. आता त्यांचं तेच सुटत्यात."

"खरं बोललात म्हणून सांगतो. असल्या माणसाचा दर जादा पडतो. तो तुमच्या मालकाला सांगा. आणि दराआधी मला तुमच्याबरोबर एक फेरी करायचीय. उमरगा ते आपला हद्दीचा नाका. तेवढ्यात हात एकदा जरी चाकावरून उठले, तर मी तुम्हाला ओळखत नाही."

"आन् न्हाय उठले तर?"

"तर मी कंपनीला तुमची ओळख सांगतो."

बोल्ली ठरल्या दिवशी उमरग्याला आले. शेठकडं उतरले, सकाळी मोटारीत डायवरच्या शेजारी बसले. लढाई संपली तरी पेट्रोलची चणचण होतीच. मोटार कोळशाच्या ग्यासवर चालायची. मागं टाकी, टाकीत निखारे, आणि निखारे फुलवायला हातानं फिरवायचा पंखा. एकदा पेटली की पळायची, पण थांबली की ग्यास बसायचा आणि मग सगळ्यांनी उतरून ढकलायचं. देवापाशी मोटार उभी करून हात जोडावेत, हा सोपा उपाय या मोटारीला परवडणारा नव्हता.

रेवणअण्णा परत आला म्हणून मोटार खच्चून भरली होती. हरणाबाई गठ्ठ्यावर बसली होती, थेट त्याच्या पाठीमागं.

वेशीबाहेरचा मारुती आला. मोटारीत सगळ्यांचे हात कपाळाला गेले. रेवणसिद्धचे गेले नाहीत. त्यानं चाक असं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली.

मागं कुजबुज झाली. "अण्णांनी बघितला न्हाय का काय?"

मरीआई आली. ती पण तशीच गेली. दर्ग्यापाशी एक मुसलमान म्हातारा हळूच म्हणाला, "डायवरसाब, तबियत तो अच्छी है?"

म्हसोबा मागं पडला तेव्हा हरणाबाईचा धीर सुटला. "आरं ए रेवण्या! हात बांधल्यात व्हय तुझं? का कचेरीत देव बी काढून घेतला तुझ्याकडनं?"

"आक्का, गप बसा."

"मी का गप बसू? तुझ्या भरवशावर बसलेव मोटारीत. तूच देवाला इचारंना, तर देव आमाला कशापायी इचारील?"

"आक्का, हे सायेब इम्याचे हायत. हात सोडले तर माझी मोटार गेली."

हरणाबाईनं बोल्लींना वरपासून खालपर्यंत बघितलं. "ह्यो? ह्यो एवढासा माणूस मारुतीपेक्षा मोठा?"

बोल्ली समोर बघत होते, म्हणजे चाकाकडं बघत होते.

जळकोटात दोन माणसं भाडं दिलेलं सोडून उतरली. देव सोडलेल्या मोटारीत पुढं जायची त्यांची छाती झाली नाही. हरणाबाई उतरली नाही. बोलायचं राहिलं होतं म्हणून असेल. नळदुर्ग आलं आणि गेलं. रेवणसिद्धच्या खांद्यांत गोळे आले होते. वीस वर्षांत त्याला कळलं नव्हतं, की ते हात जोडणं म्हणजे त्याच्या हातांची विश्रांतीपण होती. दर दोन-तीन मैलांनी देव त्यांना मोकळं करायचा. आज उमरग्यापासून एकाही देवानं सोडवलं नव्हतं.

अणदूरचं वळण दिसलं. या खेपेला देव अणदूरलाच होता. वाटेवर भंडारा सांडलेला, माणसांची ये-जा होती. रेवणसिद्धची कोपरं आपोआप वर उचलू लागली. त्याला ते कळलं, आणि कळूनही थांबवता येईना. डाव्या हाताची बोटं चाकावरून सुटली. बोल्लींचे डोळे तिथंच होते.

तेवढ्यात त्याची नजर बाजूच्या वाटेकडं गेली. वाट रिकामी होती. बैलगाडी नाही, माठ नाहीत, कुणीच नाही. पण सहा महिने डोळे मिटले की त्याला हीच वाट दिसत होती. बोटं परत चाकावर आली. त्यानं खंडोबाकडं मान वळवली नाही, त्या रिकाम्या वाटेकडं बघत बघत मोटार वळणावरून काढली. हरणाबाईनं देवापुढं पदर पसरला होता, तो तिनं तसाच मागं घेतला.

नाक्यावर मोटार थांबली. कागदाशिवाय ती पुढं जाणार नव्हती, म्हणून लोक उतरले आणि पलीकडच्या टांग्यांकडं गेले. रेवणसिद्धचे हात चाकावरच होते. त्याला ते उचलायचं सुचेना.

बोल्ली म्हणाले, "अणदूरला बोटं उठली होती."

"व्हय."

"हात उठला नाही."

"न्हाय."

बोल्लींनी टोपी काढून घाम पुसला. "एक वर्षाचा कागद करून देतो. जादा दरानं. वर्षात काही झालं, तर माझ्याकडं येऊ नका, आणि दुसऱ्या कुणाकडंही जाऊन फायदा नाही."

"बरं," रेवणसिद्ध म्हणाला. आनंद व्हायला पाहिजे होता, हे त्याला समजत होतं. जादा दर शेठ पगारातून कापणार, हे पण समजत होतं. आणि उद्या मोटार किती भरेल, तेही.

परतीच्या फेरीला मोटार निम्मी रिकामी होती. बातमी टांग्यांच्याही पुढं धावली होती. हरणाबाई मात्र आली. तिच्या घोंगड्या नाक्यावरच एका व्यापाऱ्यानं उचलल्या होत्या, आणि दुसरी मोटार मिळेपर्यंत बसून राहायचं तिचं वय नव्हतं. ती बोल्लींच्या जागेवर, पुढं येऊन बसली. वाटेतल्या प्रत्येक देवाला मोठ्यानं नमस्कार करत होती आणि दर नमस्काराला डायवरकडं बघत होती. तो सडकेकडं बघत होता.

जळकोटच्या पुढं चढावर ग्यास बसला. मोटार दोन आचके देऊन उभी राहिली. चार माणसं शिव्या देत उतरली, क्लीनर पंखा फिरवायला मागं गेला. आजूबाजूला नुसतं माळरान. दगड होते, पण एकालाही शेंदूर नव्हता.

रेवणसिद्धनं हात चाकावरून काढून मांडीवर ठेवले.

हरणाबाईनं ते बघितलं. आवाज उतरवून म्हणाली, "आता मोकळं हायत की. जोड."

"कुणाला?"

"कुणाला बी. हितनं बी पोचतंय."

रेवणसिद्धनं हात उचलायला बघितलं. ते छातीपर्यंतसुद्धा आले नाहीत.

"दमलो, आक्का," तो म्हणाला.

हरणाबाई खाली उतरली, पदर खोचला आणि मोटार ढकलायला मागं गेली.