सुई घेऊन गंगाखेडला

सकाळी आठच्या गाडीनं पालमहून गंगाखेडला निघालो. हातात पिशवी, पिशवीत थर्मास, थर्मासात बर्फ, बर्फात डबी अन् डबीत इन्सुलिनची बाटली. अंगठ्याएवढ्या बाटलीला एवढी वरात.

मला साखरेचा आजार आहे. दिवसात दोनदा जेवतो, दहा-साडेदहाला आणि दिवस मावळताना. दोन्ही वेळा अर्धा तास आधी पोटात सुई घ्यावी लागते. नऊ वर्षं ती सुई माझी बायको शेवंता टोचायची. महिन्याखाली ती वारली. तेव्हापासून शेजारची मंगल येऊन टोचून जाते, ती पालमच्या एका दवाखान्यात कामाला आहे. मी स्वतः एकदाही टोचलेलं नाही. फावड्यानं साप मारले, पण सुई दिसली की माझी मान वर पत्र्याकडं जाते.

जायचं कारण दुखवटा (घरचं माणूस गेल्यावर सोयरे आपल्या घरी नेऊन नवी टोपी घालतात, गोड घास चारतात, मग गोडधोड खायला मोकळीक). मला गोडाची बंदी नऊ वर्षांपासून आहे. ती उठवायला शेवंताचा भाऊ विश्वनाथ निघाला होता. नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं तर बहीण गेली अन् दाजीनं नातं तोडलं असं होतं.

गाडीत शेजारी एक फेटेवाला बसला. त्याची नजर थर्मासावर.

"चहा हाय का, पावणं?"

"बर्फ हाय."

त्याला पटेना. झाकण उघडून दाखवलं तर त्यानं एक खडा उचलून तोंडात टाकला. "जरा औषधाचा वास मारायलाय," म्हणाला अन् दुसरा घेतला. मागच्या सीटवरच्या बाईनं लेकरासाठी एक मागितला. गंगाखेड येईस्तोवर निम्मा बर्फ गाडीनं खाल्ला.

पालम सोडलं की काळी ढेकळं अन् कापसाच्या पऱ्हाट्या (वाळलेली झाडं). गंगाखेड जवळ आलं की दोन्ही अंगांनी ऊस. पुढं उसाचे ट्रॅक्टर आडवे, आमची गाडी त्यांच्या मागं गोगलगाईसारखी. कारखान्याचा गोड वास खिडकीतून आत आला. मी नाकाला उपरणं लावलं. उगीच धोका कशाला.

स्टँडवर विश्वनाथ उभा होता. शेवंतासारखंच नाक. मी त्याच्याकडं बघायचं टाळलं.

"दाजी, सुईची फिकीर करू नका. सिस्टरला सांगून ठिवलंय."

दोन कोसांवर खेड्यातल्या त्याच्या घरी गेलो तर सिस्टर लहान लेकरांना डोस पाजायला दुसऱ्या गावाला गेलेली. अंगणात पंगत मात्र मांडलेली. वीस-पंचवीस माणसं, ताटात पुरणपोळी, वर गुळवणी (गुळाचं पातळ पाणी). मला मधल्या पाटावर बसवून डोक्यावर नवी टोपी घातली. ती दोन बोटं मोठी होती, कानावर बसली.

घोटाळा तिथंच झाला. दुखवट्याच्या माणसानं गोड घास घेतल्याशिवाय पंगतीत कुणी ताटाला हात लावायचा नाही, अशी रीत. आणि मला सुईशिवाय घास घ्यायचा नाही, अशी डॉक्टरची ताकीद. झालं. पंगत नुसतीच बसून राहिली.

"एक घासानं काय व्हतंय?" विश्वनाथचा चुलता म्हणाला. त्याला दात नाहीत, पण भूक होती.

"एक म्हणता म्हणता तुमी चार चारता," मी म्हटलं.

विश्वनाथनं फोन लावून जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला बोलावलं. तो मोटारसायकलवर आला. माझी सुई हातात धरून म्हणाला, "ही सुई हाय का केस?" मग मला बघितलं आणि बाजूला झाला. "म्हैस असती तर डोळे झाकून टोचलं असतं. माणसाचं मला जमत न्हाई. माणूस आपल्याकडं बघतंय."

विश्वनाथची बायको पुढं झाली, सुई बघून खाली बसली. तिला पाणी द्यावं लागलं. विश्वनाथ म्हणाला, "मी टोचतो," पण सुई न उचलता पोळीवरच्या माशाच हाकत राहिला. एकजण म्हणाला, पंगत उठवा. चुलता म्हणाला, दुखवट्याची पंगत उपाशी उठली तर गेलेल्या बाईला पाणी पोचत न्हाई.

हे मला लागलं. शेवंता माझ्या सुईपायी नऊ वर्षं माहेराला मुक्कामी राहिली नाही. सकाळी आली तर संध्याकाळी परत. आता तिच्या माहेरची पंगत माझ्या सुईपायी उठवायची?

मी बाटली तळहातात घोळवली, शेवंता घोळवायची तशी. मंगलनं सुईवर लाल खूण करून दिली होती, तिथवर औषध ओढलं. सदरा वर केला. वर बघितलं तर पत्रा नव्हता, नुसतं आभाळ. मग खालीच बघितलं. पोटाची चिमटी धरली अन् टोचलं. मुंगी चावते तेवढंच. एवढ्यासाठी नऊ वर्षं त्या बाईला दिवसातून दोनदा कामाला लावलं, याची मात्र लाज वाटली. सुई काढल्यावर ती "झालं" म्हणायची. कुणी म्हणेना, म्हणून मीच म्हणालो.

"झालं."

पंचवीस हात ताटाकडं गेले.

"थांबा," मी म्हटलं, "अजून अर्धा तास."

हात परत मांडीवर गेले. मग चुलता शांतपणे म्हणाला, "जावई, तवर आमी परत घरला जाऊन येऊ का?" पंगत हसली. विश्वनाथ हसता हसता रडायला लागला. त्याच्या बहिणीसाठी महिनाभर मी रडलो नव्हतो, तो तेव्हा रडलो, टोपी पार नाकावर आली. अर्धा तास गेला. मी पोळीचा नखाएवढा तुकडा खाल्ला, मग भाकरी अन् भाजी. बाकीच्यांनी गार पोळ्या हाणल्या.

चारच्या गाडीनं परत. दिवस मावळायला सुई मीच घेतली. ती ठेवतो तोवर मंगल दारात.

"आबा, पोट उघडा."

"टोचलं."

"कुणी?"

"मीच."

ती उंबऱ्यातच उभी राहिली. आता तिला या घरात यायचं कारण उरलं नाही, हे तिलाही कळलं, मलाही. माणूस शिकतो तेवढा एकटा पडतो, असं मला गाडीतच वाटलं होतं. मी म्हटलं, बस, चहा टाकतो. ती बसली. तिला साखरेचा चहा लागतो. घरात साखर कुठं असते ते मला ठाऊक नव्हतं. दोघांनी फळ्या बघितल्या, उतरंड उतरवली. शेवटी शेवंताच्या लुगड्यांच्या ट्रंकेत, अगदी तळाला, डबा सापडला. नऊ वर्षं माझ्यापासून तिथं लपवत होती. लुगड्यांना मुंग्या लागल्या होत्या. मंगल झटकायला गेली. मी म्हटलं, राहू दे.