शनिवारची लिफ्ट

कुणीही बटण न दाबता लिफ्ट पहिल्या मजल्यावर थांबली. दार उघडलं. बाहेर कुणीच नव्हतं.

शेजारच्या रिबेकाकाकूंबरोबर मी त्यांच्या यजमानांना बघायला चालले होते. हे हॉस्पिटल त्यांच्या बेने इस्रायल, म्हणजे इथल्या ज्यू, मंडळींनी नुकतंच काढलेलं, त्यांच्या धर्माच्या नियमांनी चालणारं.

"शब्बाथला, आमच्या विश्रांतीच्या दिवशी, आम्ही विजेचं बटण दाबत नाही. म्हणून शनिवारी ही आपणहून प्रत्येक मजल्यावर थांबते," काकू म्हणाल्या.

"आणि पेशंट सिरियस असला तर?"

"अगं, जिवापुढे शब्बाथ कसला? तेव्हा सगळं चालतं. पण माझ्यासारखीनं असले गुडघे घेऊन नवऱ्याला भेटायला जिने चढायचे का? हॉस्पिटल काढताना अशी लिफ्ट हवीच म्हणून आमची माणसं केवढी भांडली!"

एका म्हातारीच्या गुडघ्यांसाठी भांडणारी माणसं! माझा नुसता जळफळाट झाला. माझी आई अंघोळ करून देवापाशी दिवा लावल्याशिवाय तोंडात काही घालत नसे. ती आजारी होती तेव्हा हॉस्पिटलातली सिस्टर म्हणाली, "आजी, इथे असलं काही चालत नाही हं." आई ओशाळं हसली आणि पारोशीच चहा प्यायली. तिच्यासाठी कुणीच भांडलं नाही.

दुसऱ्या मजल्यावर दार पुन्हा उघडलं. येणारं कुणी नव्हतं, तरी लिफ्ट वाट बघत उभी राहिली. काकूंना घाई नव्हती. मला मात्र ते दार दोन्ही हातांनी ओढून लावावंसं वाटत होतं.