गोळे न खाणारी बाई

क्वेक बून ह्वानं जन्मभर लोकांना वर नेलं, खाली आणलं, पण स्वतः मात्र कुठल्याच मजल्यावर उतरला नाही, असं आमच्या ब्लॉकमधल्या बायका म्हणतात. त्यांना काय, दुपारी बोलायला विषय हवा. पण अगदीच खोटं नाही ते. बून ह्वा लिफ्ट दुरुस्त करायचा. सिंगापुरातल्या क्वीन्सटाउनच्या या अंगाला अशी लिफ्ट सापडायची नाही, जिच्या पोटात त्यानं डोकं घातलेलं नाही. लग्न मात्र केलं नाही. का, असं विचारलं की म्हणायचा, "आईला सकाळी पेज लागते ना."

आता पेजेचा आणि लग्नाचा संबंध काय? बायकोला पेज करता येत नाही? पण त्याच्या आईला घरची पेज चालायचीच नाही. ब्लॉकच्या समोर जे फूड सेंटर आहे, तिथल्या तिओ म्हाताऱ्याची मासळीची पेजच तिला लागे. भाताची शितं अख्खी, पाणी आरशासारखं, वर आल्याचे केसासारखे काप. बून ह्वा रोज कामावर जायच्या आधी डबा घेऊन रांगेत उभा राही, पेज घेऊन वर येई, म्हातारीला भरवी आणि मग दुसऱ्यांच्या लिफ्टी बघायला जाई. असं करता करता त्याचे केस पिकले, नोकरी संपली आणि एका पावसाळी पहाटे म्हातारीही गेली.

त्यानंतरच्या एका रविवारी तो सवयीनं डबा घेऊन खाली गेला, पेज भरून घेतली आणि परत लिफ्टपाशी येऊन बटण दाबायला हात वर केला तेव्हा त्याला आठवलं की वर कुणी नाही. लिफ्ट आली, उघडली, मिटली. हा तसाच उभा. मग मुकाट्यानं फूड सेंटरमध्ये परत गेला, पंख्याखालच्या टेबलाशी बसला आणि डब्यातूनच पेज खाऊ लागला.

रविवारची सकाळ. एक टेबल रिकामं नाही. अशा वेळी अनोळखी माणसाच्या टेबलावर बसावंच लागतं, त्यात कुणाला काही वाटत नाही. तेव्हा हातात ट्रे घेतलेली एक बाई त्याच्यासमोर येऊन थांबली.

"इथं कुणी आहे?"

"नाही," बून ह्वा म्हणाला.

ती बसली. आखूड कापलेले केस, फुलाफुलांचा ब्लाउज, बाजारातल्या पिशवीतून कांद्याची पात बाहेर डोकावतेय. ट्रेमध्ये तिथल्याच चुई नावाच्या बाईच्या गाळ्यावरचे चपटे नूडल्स होते, व्हिनेगर आणि मिरची घातलेले, आणि शेजारी लहान वाडग्यात सूप, त्यात पांढरेशुभ्र माशाचे गोळे. तिनं त्याच्या डब्यात वाकून पाहिलं.

"ही पेज आहे, की तुम्ही डबा विसळताय?"

बून ह्वानं डब्यात चमचा फिरवला. तो म्हणाला, "मासा आहे त्यात."

"कुठं? मला तर माशाचा फोटोसुद्धा दिसत नाही."

आणि तो हसला. म्हातारी गेल्यापासून पहिल्यांदा.

पुढच्या रविवारी ती पुन्हा आली. टेबलं रिकामी होती, तरी तिथंच आली आणि तरीही विचारलं, "इथं कुणी आहे?" पुढं कित्येक वर्षं दर रविवारी तिनं हाच प्रश्न विचारला आणि त्यानं हेच उत्तर दिलं. एवढाच काय तो त्या दोघांचा नेमधर्म.

एकदा तिनं आपल्या वाडग्यातले दोन गोळे चमच्यानं उचलून सरळ त्याच्या पेजेत सोडले. "मला नाही आवडत. चुईला कितीदा सांगितलं, ऐकत नाही, घालतेच. खा तुम्ही." बून ह्वानं खाल्ले. त्यानंतर दर रविवारी दोन गोळे पलीकडून अलीकडं यायचे. बोलणं म्हणाल तर मिरची, उकाडा, कुणाच्या सुनेनं काय केलं. नाव त्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. ती समोरच्या थांब्यावर बसमधून उतरते, एवढं त्याला माहीत. तिच्या बोटात अंगठी नाही, हेही त्यानं पाहून ठेवलं होतं. लिफ्टवाल्याची नजर ती, सैल झालेला स्क्रूसुद्धा सुटत नाही.

रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालू लागला. ब्लॉकमधल्या बायकांच्या डोळ्यांतून ते सुटेल? चुई तर गल्ल्यामागून ओरडायची, "अंकल, केसांना तेल की काय आज? पेज पळून जाते का तुमची?" ही चुई म्हणजे नूडल्सपेक्षा गप्पा जास्त शिजवणारी. तिला एक शब्द सांगावा आणि संध्याकाळी बाराव्या मजल्यावर तोच शब्द गरम गरम ऐकावा. म्हणून बून ह्वा तिच्याशी त्या बाईबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

मग फूड सेंटरवर पाटी लागली. दुरुस्ती आणि रंगकामासाठी बंद राहणार. गाळेवाले पांगणार, कुणी भावाच्या गाळ्यावर, कुणी सुट्टीवर. शेवटच्या रविवारच्या आधी बून ह्वा आठवडाभर दाढी करताना एक वाक्य घोकत होता, "पुढच्या रविवारपासून तुम्ही कुठं जेवणार?" आमच्या ब्लॉकच्या भिंती पातळ. शेजाऱ्यांनी ते वाक्य इतक्या वेळा ऐकलं, की त्यांनाच ओरडून उत्तर द्यावंसं वाटू लागलं.

रविवार आला. गोळे पेजेत पडले. नूडल्स संपले. बून ह्वानं घसा खाकरला. तिनं मान वर केली.

"आज मिरची झणझणीत आहे," बून ह्वा म्हणाला.

"असतेच की," ती म्हणाली.

तिनं ओठ पुसले, पिशवी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. आणखी थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "बरं अंकल. निघते."

फूड सेंटरभोवती पत्रे उभे राहिले. रविवारी बून ह्वा समोरच्या बसथांब्यावर जाऊन बसायचा, हातात दुकानातला बनपाव. बस आली की उतरणाऱ्या प्रत्येक माणसाकडं बघायचा. ड्रायव्हर दार उघडं ठेवून विचारायचा, "अंकल, येताय का?" हा मान हलवायचा. चुकून ती आलीच आणि पत्रे बघून परत गेली तर? म्हणून रविवारी तिथून हलायचा नाही.

इतर दिवशी मात्र तो शहर पालथं घालू लागला. आपला गाळा बंद म्हणून माणूस खायचं सोडत नाही. नूडल्स ती कुठंतरी खातच असणार. नाव माहीत नाही, घर माहीत नाही. माहीत होतं ते एवढंच, की ती गोळे खात नाही. तो प्रत्येक फूड सेंटरमधल्या नूडल्सच्या गाळ्यापुढं रांगेत उभा राहायचा आणि नंबर आला की विचारायचा, "तुमच्याकडं अशी एक बाई येते का, जी गोळे तसेच टाकून जाते?"

आता सांगा, कुठल्या गाळेवाल्याला हे आवडेल? एक जण झारा उगारून म्हणाला, "माझे गोळे? माझे गोळे टाकून जाते? कोण ती, दाखवा मला!" दुसरा म्हणाला, "अंकल, तपासणी खात्याचे आहात का? बसा ना, खा, फुकट खा."

मग तो उष्ट्या ट्रेच्या मांडणीपाशी उभा राहून वाडग्यांत डोकावू लागला. एका वाडग्यात खरोखरच गोळा होता. साळुंकीनं तोही पळवला. टेबलं पुसणाऱ्या म्हातारीनं त्याला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाली, "अंकल, भूक लागली असेल तर मी विकत घेऊन देते. असं उष्टं नका बघू."

तो इतका ओशाळला, की तिच्यासाठीच कॉफी विकत घेऊन आला.

तेलोक ब्लांगाच्या टेकडीखालच्या फूड सेंटरमध्येही गेला होता. तिथला टकलू नूडल्सवाला म्हणाला, "गोळे टाकणारी? नाही बुवा. उलटी एक आहे. रविवारी येते आणि जास्तीचे गोळे मागते."

"मग ती नव्हे," बून ह्वा म्हणाला आणि पुढची बस धरली.

फूड सेंटर उघडलं तेव्हा सिंहाचे मुखवटे चढवून नाच झाला, ढोल वाजले. नवे पंखे, नव्या टाइल्स, टेबलं सगळी हललेली. आणि तिओ म्हातारा नाही. त्याच्या गाळ्यावर तळलेल्या कोंबडीची पाटी आणि पाटीखाली टोपी घातलेली दोन पोरं. बून ह्वा कितीतरी वेळ त्या पाटीकडं बघत राहिला. पेज गेली याचं दुःख होतंच. पण आपण आता खायचं काय आणि तिला दिसायचं कुठं, ही काळजी मोठी होती.

तो पंख्याखाली बसू लागला. जुना पंखा नव्हता, पण जागा अंदाजानं तीच. रविवारमागून रविवार. बस यायची, जायची. कॉफीवर साय धरायची. समोरच्या रिकाम्या खुर्चीसाठी लोक विचारत, "अंकल, इथं कुणी आहे?" जन्मभर "नाही" म्हणणारा हा माणूस आता म्हणायला शिकला, "आहे."

एका रविवारी पोटात काहीतरी घालायला हवं म्हणून तो पहिल्यांदाच चुईच्या गाळ्यापुढं उभा राहिला.

"अरे वा! पेजवाले अंकल नूडल्स खाणार?"

"दे. त्या... त्या बाई घ्यायच्या तसे."

"व्हिनेगर जास्त आणि दोन गोळे वरचे. बसा, आणते."

"वरचे कशाला? त्या गोळे खात नाहीत."

चुईच्या हातातली गाळणी वरच्या वर थांबली. मग ती अशी हसली, की शेजारचा भाजलेलं बदक कापणारा सुरा ठेवून बघायला आला.

"कोण खात नाही? ती? अहो, नूडल्स ती नंतर खायची, आधी गोळे! मग एक दिवस म्हणाली, चुई, दोन वरचे घाल. समोर एक माणूस बसतो, पेजेच्या नावाखाली नुसतं गरम पाणी पितो, वाळून चाललाय."

बून ह्वाचे कान लाल झाले.

"आली होती ती," चुई गाळणी झटकत म्हणाली. "उघडलं त्याच आठवड्यात, मंगळवारी की बुधवारी. कोंबडीची पाटी बघून उभीच राहिली. पेजवाला कुठं म्हणाली. मी म्हटलं, गेला गुडघे सांभाळत घरी बसायला. तर म्हणाली, मग ते अंकल कशाला येतील इथं. आणि गेली."

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"तुम्ही विचारलंत कधी? अख्ख्या सिंगापूरला विचारलंत, मला सोडून! मला वाटलं, भांडलात."

दुसरं कुणी असतं तर चुईशी तिथंच वाद घालत बसलं असतं. बून ह्वाच्या डोळ्यांपुढं मात्र एकदम तो टकलू आला. उलटी एक आहे. रविवारी येते. जास्तीचे गोळे मागते. आणि त्या टकलूच्या गाळ्यासमोर कसली पाटी होती? वाफ कसली येत होती? आल्याची. तिथं मासळीची पेज मिळत होती. आपण नूडल्सच्या मागं धावलो, आणि ती पेजेच्या मागं.

तो निघाला. चुई ओरडली, "अंकल, नूडल्स! गोळे!" तो परत फिरला, उभ्या उभ्या दोन गोळे तोंडात टाकले आणि जीभ भाजत बसकडं पळाला. पळाला म्हणजे काय, त्या वयात जेवढं पळता येतं तेवढं. पण बाराव्या मजल्यावरून बघणाऱ्यांनी शपथेवर सांगितलं, की इतक्या घाईत त्याला लिफ्टमध्ये माणूस अडकल्यावरसुद्धा कुणी पाहिलं नव्हतं.

बस प्रत्येक थांब्यावर थांबली. प्रत्येक थांब्यावर कुणीतरी म्हातारं काठी टेकत चढलं. बून ह्वा स्वतः म्हातारा, पण त्या दिवशी त्याला सगळ्या म्हाताऱ्यांचा राग आला. तिची खायची वेळ टळून गेली होती.

टकलूनं त्याला ओळखलं. "चौकशीवाले अंकल! जास्तीचे गोळेवाली हवी ना? ती बघा, पेजेच्या गाळ्यासमोर. संपत आलंय तिचं."

ती पाठमोरी बसली होती. केस थोडे पांढरे झालेले. पिशवीत कांद्याची पात. समोरच्या खुर्चीवर, जागा धरायला ठेवतात तसं टिश्यू पेपरचं पाकीट.

बून ह्वा टेबलापाशी गेला. धाप लागली होती, म्हणून थोडा थांबला.

"इथं कुणी आहे?"

"आहे," ती मान वर न करता म्हणाली. "येणार आहेत."

बून ह्वा हलला नाही. तिनं चमचा खाली ठेवला आणि मग वर पाहिलं. वाडग्यात फक्त सूप उरलं होतं.

"उशीर केलात," ती म्हणाली. "तुमच्या वाटणीचे गोळे मीच खाल्ले. दर वेळी ठेवते, गार होतात, मग खाते."

"मी गोळे न खाणारी बाई शोधत होतो."

"मला आवडतात गोळे."

"कळलं आज."

"चुईनं सांगितलं? तिच्या पोटात काही टिकेल तर शपथ." तिनं टिश्यूचं पाकीट उचललं, मग पुन्हा त्याच खुर्चीवर ठेवलं. "पण किती वाळलात हो."

बून ह्वानं घसा खाकरला. आरशापुढं घोकलेलं वाक्य आता कामाचं नव्हतं. दुसरं त्याच्याकडं नव्हतं.

"तुमचं नाव..." तो म्हणाला.

"आधी पेज घेऊन या. रांग वाढतेय."

तो रांगेत जाऊन उभा राहिला. रांग लांब होती. पुढचा माणूस पाऊलभर सरकला की तोही सरकायचा आणि मागं वळून बघायचा, ती बसली आहे ना. ती बसली होती. तो पुन्हा सरकायचा आणि पुन्हा वळून बघायचा.