राजवाड्याच्या दारातलं पाणी

टूर्सच्या ऑफिसात काहीच टिकत नाही. ब्रोशरं संपतात, पेनं गिऱ्हाईकं घेऊन जातात, एसी नेमका मे महिन्यात बंद पडतो. किस्से तेवढे साठत जातात. ते कुणी मुद्दाम ठेवत नाही आणि कुणी झाडूनही काढत नाही. चहा आला, की कुणीतरी "ते परवाचं सांग की" म्हणतं आणि मी सुरू होते. यंदा माझ्याकडचा बहुतेक साठा एकाच ग्रुपचा आहे.

आमचं ऑफिस सांगलीत. मी मूळची साताऱ्याची, इतिहासात एम.ए. करून इथं व्हिसाच्या फाइली लावायला लागले. मी दचकते. फोन वाजला की दचकते, शेजारच्या टेबलावर कुणी स्टेपलर दाबला तरी दचकते. त्यामुळे सरांनी "हा युरोपचा ग्रुप तू बघ" म्हटलं, तेव्हा माझ्या हातातला चहा कीबोर्डवर गेला.

व्हेनिसमधली एक दुपार मोकळी होती. तिथं मी भीत भीत एक राजवाडा टाकला. कालव्याकाठचा, पाण्यातूनच उगवल्यासारखा, आता म्युझियम झालेला. कॉलेजपासून त्याचा फोटो माझ्या मोबाइलच्या वॉलपेपरवर आहे. सर म्हणाले, "शनिवारपर्यंत सगळ्यांनी हो म्हटलं तर राजवाडा, आणि माहिती सांगायला सोबत तू. एकजण जरी नको म्हणाला, तर त्या दुपारी शॉपिंग, आणि तू इथंच फाइलींवर."

नाही गेले तर मी रडणार होते. गेले तर विमानात बसावं लागणार होतं. आठवडाभर दोन्ही भीती मी बरोबरीनं सांभाळल्या.

ग्रुप म्हणजे पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेली दोस्तमंडळी. माणसं बरीच, पण बोलणारी तीनच. बाकीचे या तिघांच्या माना हलतील तशा आपल्या माना हलवायचे. एक जगतापसाहेब, माजी उपअभियंता. दुसऱ्या सुनंदाताई, शाखा कार्यालयात सगळी नोकरी क्लार्क म्हणून केलेल्या. आणि तिसरे खरात तात्या. आटपाडीकडचे, आजोबांपर्यंत घरात मेंढरंच. तात्या पाटकरी होते, म्हणजे कालव्यावर फिरून कुणाच्या रानाला पाणी सोडायचं आणि कुणाचं बंद करायचं ते बघणारे.

या तिघांच्या तोंडून "हो" काढायचं, एवढंच माझं काम.

*

पहिल्या मीटिंगला मी राजवाड्याचा फोटो ऑफिसातल्या टीव्हीवर लावला. मला वाटलं, सगळे वा वा म्हणतील.

जगतापसाहेब उठले, चष्मा कपाळावर सारून टीव्हीला नाक लावून उभे राहिले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मिस, हे बांधकाम कालव्याच्या हद्दीत आहे."

मी म्हटलं, "साहेब, काहीशे वर्षं जुनं आहे ते."

"मग काहीशे वर्षांचं अतिक्रमण आहे."

त्यांनी विचारलं, कालव्याच्या कडेनं सर्व्हिस रोड कुठाय, तपासणीला जीप कुठून जाते. मी सांगितलं, तिथं जीप नसते, सगळं होडीनंच. साहेब खाली बसले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "आणि इतक्या वर्षांत एकानंही नोटीस काढली नाही?"

सुनंदाताई पर्समधून बडीशेप काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "साहेब, आपल्या कॅनॉलवरचा रसवंतीवाला तुमच्याच्यानं हलला नाही. हा तर राजा."

साहेबांनी तो विषय तिथंच सोडला. निघताना दारात थांबून एवढंच म्हणाले, की जागेवर जाऊन पाहणी केल्याशिवाय ते मत देणार नाहीत.

सर म्हणाले, हे "हो"च आहे. धर.

*

खरं तर तो राजवाडा कुठल्या राजाचा नाहीच. एका व्यापारी घराण्यानं बांधलेला. इतिहासवाली असल्यामुळे मला हे गप्प ठेवणं जमेना, म्हणून मी दुसऱ्या दिवशी ग्रुपवर तसा मेसेज टाकला.

तात्यांचा लगेच फोन. "पोरी, आमच्या विट्याकडची गलाईवाली मान्सं बगितल्यात का? सोनं गाळायला मुलूखभर फिरत्यात आन बंगला गावात बांधत्यात. तसलाच का ह्यो?"

मी म्हटलं, साधारण तसंच.

"मग बंगल्यात ऱ्हायाला कोण हाय?"

आता कोणी नाही, म्युझियम आहे, मी म्हटलं.

"तसलाच हाय," तात्या म्हणाले आणि फोन ठेवला.

ग्रुपवर मात्र कुणी ऐकलं नाही. राजा तो राजाच राहिला.

*

सुनंदाताईंचा कुठल्याच ऑफिसवर विश्वास नाही. सगळं आयुष्य ऑफिसात गेल्यामुळे असेल. त्या सरळ येऊन माझ्या समोरच्या खुर्चीत बसल्या. "एवढ्या लांब जायचं आणि दाराला कुलूप असलं म्हणजे? फोन लाव. माझ्यासमोर लाव."

मी इंग्रजी वाक्यं कागदावर लिहून घेतली, दोनदा पाणी प्यायले आणि फोन लावला. पलीकडून एक बाई इटालियनमध्ये बोलायला लागली. मी "गुड मॉर्निंग मॅडम" म्हटलं. ती बोलत राहिली. मी "येस मॅडम" म्हटलं, "थँक यू मॅडम" म्हटलं, "सॉरी मॅडम"सुद्धा म्हटलं. मग बाईनं सगळं पहिल्यापासून तसंच्या तसं पुन्हा सुरू केलं, तेव्हा मला कळलं की ते रेकॉर्डिंग आहे.

"काय म्हणाली?" ताईंनी विचारलं.

"काही कळलं नाही, ताई."

"आवाज सरकारी होता. उद्या या म्हणाली असेल."

मी मेल टाकला. उत्तर आलं, आणि आम्ही ठरवलेल्या वारीच म्युझियमला सुट्टी होती! मला घाम फुटला. ताई एकदम खूश झाल्या. दोन दिवसांची अदलाबदल त्यांनीच सुचवली, पाच मिनिटांत सगळं बसवूनही दिलं. मग खुर्चीतून उठता उठता म्हणाल्या, "सगळी नोकरी पाण्याच्या ऑफिसात केली गं, आणि पाणी म्हणून दिसलं नाही. माझी खिडकी सायकल स्टँडकडं होती. दारात पाणी असलेलं एक तरी ऑफिस बघू दे. माझं हो धर."

त्यांच्या लेखी राजवाडा म्हणजेही ऑफिसच. मी वाद घातला नाही.

*

तात्यांची शंका अगदीच वेगळी निघाली. "त्या दिशी कॅनॉलला पाणी असंल न्हवं?"

आमच्या भागात हा प्रश्न रास्त आहे. कालव्याला पाळीनं पाणी सुटतं. पाळी नसली, की त्याच कालव्यात पोरं क्रिकेट खेळतात. पण सरांनी हे ऐकलं आणि ते इतके हसले, की बाहेरचा झेरॉक्सवाला डोकावून गेला. "तात्या, व्हेनिस आहे ते, व्हेनिस!"

मी हसले नाही. मला एक नवीन काळजी मिळाली होती. दुपारभर मी नेटवर शोधत बसले, आणि एक फोटो सापडला. व्हेनिसमधलाच एक लहान कालवा, तळ उघडा पडलेला, होड्या चिखलात बसलेल्या. समुद्र फार ओसरला, की कधीकधी तिथं असं होतं म्हणे.

मी तो फोटो सरांना दाखवला. सरांनी तो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. मग उठून केबिनचं दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाले, "तात्यांना हे दाखवू नकोस."

*

शुक्रवारी जगतापसाहेबांनी तालीम काढली. राजवाड्याच्या दारात होडीतून पायरीवर उतरावं लागणार, तर ज्येष्ठ मंडळींना ते जमतंय का, हे आधी बघायला हवं. म्हणून सगळे कृष्णेच्या घाटावर. एक नाव ठरवली. साहेब काठावरून सूचना देत होते: उजवा पाय आधी, नजर समोर, हात नावाड्याच्या खांद्यावर.

सुनंदाताई साडीचा काठ उचलून टुणकन उतरल्या. बाकीचेही एकेक करून उतरले. तात्या तर नाव लागायच्या आधीच पायरीवर होते.

शेवटी मी. एक पाय पायरीवर, एक नावेत, आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. त्यानंतर मी हललेच नाही. नाव पुढं जायला लागली, पायरी काही येईना, मी मधे. अखेर साहेबांनी एक दंड आणि ताईंनी दुसरा दंड धरून मला उचलून घाटावर ठेवलं.

नावाडी शांतपणे साहेबांना म्हणाला, "म्हाताऱ्यांचं जमंल. ह्या बारक्या बाईंना कुटं न्हेऊ नगासा."

"तीच आमची लीडर आहे," साहेब म्हणाले.

नावाड्यानं हात जोडले.

सगळे हसत होते, तेवढ्यात मी धीर करून तात्यांना विचारलं, की तुमचं हो धरू ना? ते नदीकडं बघत बसले होते. म्हणाले, "आदी पाणी हाय का न्हाई त्ये सांग. कोरडा कॅनॉल बगायला इमानात कशाला बसायचं? त्यो घरी बी हाय."

परतताना सुनंदाताईंनी मला सांगितलं. तात्यांच्या गावात कालवा आला, तो त्यांच्या घरासमोरूनच गेला. पण गावाचं सगळं रान वरच्या अंगाला. पाणी चढ चढत नाही. पाळी सुटली, की पाणी दारातून भरून वाहतं आणि खालच्या गावांना जातं. तात्यांनी नोकरीभर दुसऱ्यांच्या रानाला पाणी सोडलं. त्यांचं स्वतःचं रान अजून पावसावर.

*

शनिवारी दुपारपर्यंत सगळ्यांचं हो आलं होतं, फक्त तात्यांचं नव्हतं. सरांनी शॉपिंगचा मेल टाइप करून ठेवला होता. मी व्हिसाच्या फाइली पुढं ओढून बसले होते आणि रडायचं कधी, एवढंच ठरवत होते.

तेवढ्यात तात्या एसटीनं आले. पाणी प्यायले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "काय गं पोरी, लागला का पत्ता? पाणी कवा सोडत्यात तितं?"

सर माझ्याकडं डोळे मोठे करून बघत होते. पण मला खोटं बोलताना जास्त भीती वाटते. मी मोबाइल काढला आणि चिखलात बसलेल्या होड्यांचा फोटो तात्यांना दाखवला. असंही कधीकधी होतं म्हटलं. पण राजवाडा मोठ्या कालव्यावर आहे, तिथं पाणी असतंच. आणि ते कुणी सोडत नाही. समुद्राचं आहे. भरतीला चढतं, ओहोटीला उतरतं.

"कोनच सोडत न्हाई? पाटकरी न्हाई?"

"नाही."

"खाल्लीकडच्याला जास्त, वरच्याला कमी, आसं?"

"नाही तात्या. सगळ्यांच्या दारात सारखंच."

तात्या विचारात पडले. "मग मान्सं भांडत्यात कशावरनं?"

सरांचं बोट मेलच्या बटणावर तसंच थांबलं होतं. एवढं सांगितलंच आहे, तर राहिलेलंही सांगून टाकू, असं मला वाटलं. "पण ते पाणी खारं आहे, तात्या. पिता येत नाही, पिकालाही चालत नाही. जुन्या काळी तिथं वाड्यांच्या अंगणात पावसाचं पाणी साठवायचे. तेच प्यायचे."

तात्यांनी टीव्हीकडं बघितलं. तिथं राजवाड्याचा फोटो अजून होता. खिडक्या, कमानी, आणि खाली दाराला लागलेलं पाणी.

"म्हंजी दारातनं भरून पाणी चाललंय," ते सावकाश म्हणाले, "आन राजा आबाळाकडं बगत बसलाय."

"हो."

तात्यांनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर नीट बसवली आणि सरांकडं वळले.

"सायेब, त्यो राजा आमच्याच गावचा हाय की. लिवा माजं नाव. भेटून येतो त्याला."