झरोक्यातली पुडी

नातवानं मागच्या महिन्यात हवा शुद्ध करायचं मशीन आणलंय. कोपऱ्यात हिरवा दिवा लावून उभं असतं. त्यासाठी खिडक्या मात्र बंद ठेवायच्या म्हणे. दुपारी सगळे बाहेर गेले की मी मशीन बंद करते आणि खिडकी उघडते. नातू चिडतो. त्याला कारण सांगायला म्हणून लिहायला बसले आणि वाटलं, तुमच्या या सदराला पाठवावं.

मी भुताखेतांना मानणारी बाई नाही हो. रस्त्यातल्या उताऱ्याचा नारळ घरी आणून त्याची चटणी वाटलेली आहे मी! चौथीपर्यंत शाळा, पुढचं सगळं यांच्या पुस्तकांतून शिकले. तेव्हा हे मनाचे खेळ म्हणून सोडून देऊ नका.

सत्तावन्न-अठ्ठावन्नचा सुमार असेल. माझं सासर चिखल्याला, समुद्राच्या अंगाला. चिकूची लहानशी वाडी होती. घरात सासूबाई, थोरले दीर, थोरल्या जाऊबाई – त्यांना आम्ही अक्का म्हणायचो – आणि मी. आमचे हे तलासरीला शाळामास्तर, शनिवारी घरी यायचे.

अक्का चिंचणीच्या किराणा दुकानदाराची लेक. लहानपणापासून दुकानात बसून पुड्या बांधलेल्या, त्यामुळे कुठल्याही कापडाची घडी करायची म्हटली की पुडीच व्हायची. तिकोनी, शेपूट आत खोचलेली. टॉवेल असो, लुगडं असो की भांडी पुसायचं फडकं. सासूबाई म्हणायच्या, "हिच्या हाती पैठणी दिली तरी पावशेर जिऱ्यासारखी बांधून ठेवील." अक्का हसायची. मला त्या घरात पहिल्यांदा कोण हसून बोललं असेल तर तीच.

स्वयंपाकघराच्या मागे बाळंतिणीची खोली होती. एक दार, आणि समुद्राच्या बाजूला उंचावर एक झरोका. बाळंतपण आलं की त्या झरोक्यात जुन्या लुगड्याचा बोळा कोंबायचा. बाळंतिणीला वारा लागता कामा नये. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, तिच्यात ओवा, शेपा, धूप... शिवाय चुलीचा धूर येतोच. माणूस आत गेलं की डोळ्यांतून पाणी. आमच्याकडे सगळ्यांच्याच घरी असं करायचे. माया म्हणूनच करायचे, हेही खरं.

अक्काला मुलगा झाला. मी जेवण घेऊन आत गेले की म्हणायची, डोकं ठणकतंय गं, हातपाय माझे नाहीतसे वाटतात. एकदा सासूबाईंना माझ्यादेखत म्हणाली, "आई, तो बोळा तेवढा काढायला सांगा हो."

सासूबाई म्हणाल्या, वारा लागला की जन्मभर सांधे धरतात. बोळा शिडी लावल्याशिवाय निघणारा नव्हता, आणि शिडी दिरांकडे. मी त्यांना जाऊन सांगितलं. ते वाडीत चिकू काढत होते. खाली न बघताच म्हणाले, "डोकं दुखलं म्हणून कुणी मरत नाही."

त्याच आठवड्यात एका दुपारी अक्का आणि तिचं बाळ दोघंही गेली. झोपल्यासारखीच दिसत होती. गाव म्हणालं, बाहेरचं काहीतरी लागलं. घरानंही तेच धरलं. ते सोपं होतं ना...

पुढच्या वर्षी माझे दिवस भरले. मला आई नव्हती, तेव्हा पहिलं बाळंतपणही सासरीच. तीच खोली, तीच बाज. दिरांनी शिडी लावली, बोळा कोंबला, शिडी वाडीत नेली. मी नको म्हणाले. पण ऐकतंय कोण.

मुलगी झाली. त्यानंतरची एक दुपार. न्हाऊन झालं होतं, शेगडीवर नुकताच ओवा टाकलेला. दार वाऱ्यानं उघडू नये म्हणून सासूबाईंनी बाहेरून कडी घातली आणि अंगणात पापड वाळत घालायला गेल्या. माझं डोकं ठणकायला लागलं. मग हात जड झाले. हाक मारायला तोंड उघडलं तर आवाज नाही. कुशीतली पोर भुकेची वेळ होऊनही रडत नव्हती. तिला हलवावं इतकं बळही माझ्या बोटांत उरलं नव्हतं. त्या क्षणी मला कळलं, अक्का अशीच गेली.

आणि तोंडावर वारा आला.

गार, खारा. चिखल्याच्या समुद्राचा वारा. मी डोळे उघडले तर झरोक्यातून उजेडाची पट्टी खाली आलेली. पोर किंचाळून रडली. तसलं गोड रडणं मी पुन्हा ऐकलं नाही.

रडणं ऐकून सासूबाई कडी काढून आत आल्या. बाजेवर, माझ्या पायाशी, बोळ्याचं कापड पडलेलं. पडलेलं कसलं, ठेवलेलं. तिकोनी पुडी, शेपूट आत खोचलेली.

सासूबाईंनी ती हातात घेतली. मग हळूच विचारलं, "हे कुणी काढलं?"

"मला बाजेवरून उठवत नाही, आई."

त्यांनी दिरांना बोलावलं. दिरांनी पुडीला हात लावला नाही. म्हणाले, "ही आपल्याला सोडत नाही." आणि दिवेलागणीच्या आत डहाणूहून गवंडी आणून झरोका विटांनी बुजवून टाकला. बायको जिवंत असताना या माणसाला शिडीवर चढायला सवड नव्हती. ती मेल्यावर त्याच्या भिंतीला चुना लागायला अर्धा दिवसही लागला नाही. पुडी चुलीत गेली, न उलगडताच.

शनिवारी हे आले. म्हणाले, तुला ग्लानी आली असेल, बोळा वाऱ्यानं पडला असेल. मी म्हटलं, "पडेल हो. पण वारा पुडी बांधतो का?" मला नि लेकीला मास्तर तलासरीला घेऊन गेले, हे मात्र त्यांचं कबूल करायला हवं. तिथली आमची खोली कारवीच्या कुडाची, शेण-मातीनं सारवलेली. वरच्या फटींतून वारा यायचा, कौलांतून धूर जायचा. लेक छान वाढली.

बंद खोलीतल्या निखाऱ्यांतून विषारी वायू निघतो, त्याला वास नसतो, हे मी पुष्कळ वर्षांनी पेपरात वाचलं. म्हणजे अक्का कशानं गेली ते मला कळलं. मी कुणामुळे वाचले ते पेपरात कसं येणार?

दिरांनी दुसरं लग्न केलं. साठ साल उलटून गेलं होतं. नवी जाऊ सातव्या महिन्यात होती तेव्हा मी तिला तलासरीला न्यायला चिखल्याला गेले. दीर चिडले, लोक काय म्हणतील म्हणाले. सासूबाई चुलीपुढे खोकत बसल्या होत्या. उठल्या, डिंकाचे लाडू आणि दुपट्यांचं गाठोडं बांधलं. आम्हाला पोचवायला फाटकापर्यंत आल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या,

"तिथं वारा येतो ना गो?"

"येतो, आई."

"मग ने."

म्हणजे त्यांना कळलं होतं. पुडी हातात घेतली तेव्हा कळलं, की अक्का बोळा काढायला विनवत होती तेव्हाच? मी विचारलं नाही आणि त्या गेल्या. झरोका त्यांनी शेवटपर्यंत उघडू दिला नाही. त्याच धुरात खोकत गेल्या.

बोळा कुणी काढला याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. सासूबाईंच्या मनाचाही नाही.